हवेतला हंडा: प्रकल्प नोंदी

९ जून

जुन्या नाशकात एका वाड्याच्या तळमजल्यावर तांब्यापितळेच्या भांड्यांचा घरगुती संग्रह आहे. एक खोली, चार काचेची कपाटं. मालक काका भांड्यांना कुणाला हात लावू देत नाहीत. बोटं लागली की तांब्यावर डाग उमटतात आणि मग चिंच-मीठ घेऊन घासत बसावं लागतं. पण बघायला आलेल्यांचे हात शिवशिवतात, हेही त्यांना कळतं. म्हणून मागणी अशी: टीव्हीवर भांडं दिसावं आणि समोरच्या माणसानं नुसता हवेत हात हलवून ते फिरवावं. माऊस नको. टचस्क्रीन नको, तिच्यावरचे ठसे पुसायलाही माणूस नाही.

सामान: काकांचा टीव्ही, माझा जुना लॅपटॉप, साधा वेबकॅम. अंबडची नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी आणि जमेल तसं संध्याकाळी करायचं.

हात ओळखायला गूगलचं मीडियापाइप घेतलंय. हाताचा हा भाग २०१९ मध्ये खुला झाला, ब्राउझरमध्येच चालतो. आधी चित्रात तळहात शोधतो, मग त्यावर २१ बिंदू ठेवतो. ० म्हणजे मनगट, ४ अंगठ्याचं टोक, ८ तर्जनीचं. भांडं पडद्यावर त्रिमितीत दाखवायला थ्री.जेएस ही ब्राउझरमधली तयार कोड-लायब्ररी. लीप मोशनसारखा इन्फ्रारेड सेन्सर (२०१३ सालचा) याहून अचूक पडला असता, पण तो बिघडला तर काका दुसरा कुठून आणणार? वेबकॅम एम. जी. रोडवर कधीही मिळतो.

१४ जून

स्कॅनिंग. पहिला हंडा पार बिघडला.

फोटोंवरून त्रिमिती आकार काढताना सॉफ्टवेअर एकच खूण वेगवेगळ्या फोटोंत शोधतं आणि त्यावरून ती खूण कुठे आहे ते ठरवतं. घासलेल्या तांब्यावर खुणा नसतात, प्रतिबिंबं असतात, आणि ती आपण सरकलो की सरकतात. खिडकीचं प्रतिबिंब सॉफ्टवेअरला खरं वाटलं आणि तिथे त्यानं हंड्याला खड्डा पाडला. दुपारनंतर काकांची परवानगी काढून टाल्कम पावडर फुंकली, तेव्हा आकार नीट आला. मठारलेली भांडी त्यातल्या त्यात सोपी, हातोडीच्या खळग्याच खुणांचं काम करतात. गुळगुळीत लोट्याला तोही आधार नाही. चकाकी नंतर संगणकात चढवली.

भांडं टेबलावर उभं असल्यामुळे बुडाचा फोटो निघत नाही. तिथे भोक राहिलंय. कोण बघतंय म्हणून सोडून दिलं.

१९ जून

चिमटीनं पकडणं चालू झालं. ४ आणि ८ या बिंदूंमधलं अंतर मोजायचं, त्याला तळहाताच्या लांबीनं भागायचं (म्हणजे माणूस जवळ असो की लांब, फरक पडत नाही), आणि आकडा ०.२५च्या खाली गेला की पकडलं.

एकच आकडा ठेवला तर हंडा लटलट करतो: पकडलं-सोडलं-पकडलं, सेकंदाला पाच वेळा. म्हणून सोडण्याचा आकडा वेगळा, ०.४. भाचीनं विचारलं की दोन कशाला. तिला गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं उदाहरण दिलं. गोदेला पूर आला की पाणी मारुतीच्या कुठवर चढलं यावर भांडी बाजारातले लोक माल हलवतात. एका खुणेला पाणी लागलं की दुकान उचलायचं. पण पाणी चार बोटं उतरलं म्हणून लगेच परत मांडत नाहीत, चांगलं खाली जाऊ देतात. एका खुणेवर उचलायचं, दुसरीवर मांडायचं. तिला पटलं.

डावा हात उजवा दिसत होता. मीडियापाइप चित्र आरशासारखं उलटं आहे असं धरून चालतं, मी सरळ देत होते. एक ओळ बदलली. या एका ओळीत अख्खी संध्याकाळ गेली, हे इथे लिहून ठेवते.

२२ जून

मामांना आणलं. चाळीस वर्षं तांबट लेनमध्ये हातोडा चालवला त्यांनी, आता घरी असतात. माणूस आपणहून काय करतो ते कळावं म्हणून काही समजावून न सांगता पडद्यासमोर बसवलं.

त्यांनी चिमूट केलीच नाही. पाची बोटं काठाला घातल्यासारखी वळवली आणि मनगट फिरवून हंडा पालथा केला. म्हणजे करायला गेले. हंडा हललाच नाही. एक तर माझं सॉफ्टवेअर चिमटीची वाट बघत होतं. दुसरं, थ्री.जेएसबरोबर येणारी तयार फिरवणी मी तशीच वापरली होती. ती वस्तूऐवजी कॅमेरा वस्तूभोवती फिरवते आणि वरची दिशा कायम वर ठेवते. डोक्यावरून पलीकडे जाताच येत नाही.

मी हातानं कळा दाबून कसाबसा पालथा केला. भोक दिसलं.

"बूड कुठंय?"

"मामा, तिथला फोटो निघत नाही."

"अगं, भांडं घेताना माणूस आधी बूडच बघतो. वरून सगळीच चांगली दिसतात."

त्यानंतर काकांना, काकूंना, समोरच्या दुकानातल्या पोराला तेच सांगून बघितलं: हा हंडा हातात घेतला तर काय कराल? मामा धरून चौघांपैकी तिघांनी पालथा केला. काकू काठाखालचं टिंबांनी कोरलेलं नाव शोधत होत्या. माहेरून आलेल्या भांड्यावर कुणाचं नाव आहे ते आधी बघायचं असतं म्हणे.

तर: बूड पुन्हा स्कॅन करणे. तयार फिरवणी काढून टाकणे.

२८ जून

खुणा मी ठरवायच्या नाहीत, लोकांना विचारायच्या. ही पद्धत माझी नाही. वॉब्रॉक, मॉरिस आणि विल्सन या संशोधकांनी २००९ मध्ये टेबलाएवढ्या टचस्क्रीनसाठी असं केलं होतं. पडद्यावर आधी परिणाम दाखवायचा (वस्तू मोठी झाली, फिरली, सरकली) आणि विचारायचं, हे घडवायला तुमच्या हातानं काय केलं असतं? २० माणसं, २७ आज्ञा, एका हातानं आणि दोन्ही हातांनी, मिळून १०८० खुणा. त्यात निघालेली एक गोष्ट मला कालपासून आठवतेय: आपण किती बोटं वापरतोय याकडे लोकांचं फारसं लक्ष नसतं. मामांनी रविवारी तेच दाखवलं होतं.

गल्लीतल्या डझनभर लोकांना खुर्चीवर बसवून विचारलं. चहा काकांचा.

"जवळ आणा" यावर गंमत झाली. विशीतल्या सगळ्यांनी हवेत दोन बोटं फाकवली, फोनवर फोटो मोठा करतात तशी. मामांच्या वयाच्या लोकांनी हात लांब करून फडताळातून काढल्यासारखा पोटाशी घेतला. शेजारच्या आजींनी हंड्याखाली दोन्ही तळवे घालून तो कमरेकडे नेला. हंडा जड आहे ना, भरलेला असणार. त्याच आजींना ताम्हण दाखवलं तर एका हाताच्या तीन बोटांवर तोललं. पडद्यावर दोन्ही वस्तूंना वजन शून्य. आजींच्या हातात ते पुरतं होतं.

"सहज" खूण म्हणजे काय, यावर बरंच लिहिलेलं वाचून आले होते. तरुण पोरांना फाकवलेली दोन बोटं सहज वाटतात, पण ती सवय फोननं लावलेली आहे. आजींचे तळवे हंड्यानं शिकवलेले आहेत. माझ्या खोलीत भांडी असल्यामुळे मी आजींचं ऐकणार. पोरांची खूणही चालू ठेवते, तिचा कुणाला त्रास नाही.

लोक पडद्याशी बोलतातही. "हां, थोडं इकडं... बास." बोट दाखवून. १९८० साली एमआयटीमध्ये रिचर्ड बोल्ट यांनी नेमकं हेच जोडलं होतं: मोठ्या पडद्यासमोर खुर्चीत बसून बोट दाखवायचं आणि तोंडानं "ते तिथं ठेव" म्हणायचं, की आकृती हलायची. मोह झाला. पण या वाड्यात मागच्या गल्लीतला भोंगा आणि काकांचा रेडिओ एकाच वेळी चालू असतो. आवाज नको.

आणि एक, जे मी विचारलंच नव्हतं. जवळजवळ प्रत्येकानं बोटाच्या पेरानं हंड्यावर टकटक केली. माठ घेताना करतो तशी. हवेत, आवाज येणार नाही हे माहीत असून.

२ जुलै

फिरवणी नव्यानं लिहिली. वस्तूचा कल आता क्वाटर्निअनमध्ये ठेवते, चार आकड्यांत. गणितज्ञ हॅमिल्टनला १८४३ मध्ये डब्लिनला कालव्याकाठून जाताना एका पुलापाशी सुचलेली ही गोष्ट. तीन कोनांत हिशेब ठेवला की भांडं उभं आडवं करताना एका ठिकाणी दोन अक्ष एकावर एक पडतात आणि एक दिशा गायब होते. क्वाटर्निअनमध्ये ती अडचण येत नाही. हंडा आता कसाही पालथा होतो.

हाताचा प्रश्न वेगळा. कोपराखालचा हात तळवा वर-खाली करताना फिरून फिरून साधारण अर्धा फेरा फिरतो, त्यापुढे हाड नको म्हणतं. म्हणजे एका पकडीत भांड्याचा पूर्ण फेरा होणारच नाही. पकडा, फिरवा, सोडा, हात मागे आणा, पुन्हा पकडा. बरणीचं झाकण असंच उघडतो. मी हे टाळायला हाताच्या एका अंशाला भांड्याचे दोन अंश करून पाहिले. फिरतं, पण हातात निसरडं वाटतं, तेल लागल्यासारखं. एकास एक बरं.

तेव्हा सोडणं हे प्रत्येक फेऱ्यात येणार. सोडणं नीट हवं.

६ जुलै

मामांकडे गेले होते. माळ्यावरून लोखंडी खुंट काढून एक जुनं तपेलं मठारून दाखवलं. डावा हात भांडं धरतो आणि दर ठोक्यामागे किंचित फिरवतो, उजवा मारतो. उजव्या हाताची जागा हलत नाही. भांडंच त्याच्याखाली येत राहतं. "मारणं कुणालाही येतं. फिरवणं शिकायला दोन वर्षं गेली."

संशोधक ईव्ह गीयार यांनी १९८७ मध्ये हेच मांडलं होतं. दोन हात समान कामं करत नाहीत. एक हात चौकट धरतो, दुसरा त्या चौकटीत बारीक काम करतो, आणि चौकटीचा हात आधी हलतो. कागद सरकवत लिहितो तेव्हाही असंच.

ठरलं: जो हात आधी पकडेल तो भांडं धरणार, दुसरा हात विजेरी. दुसऱ्या हाताचं बोट भांड्यावर फिरलं की तिथे तिरका उजेड पडतो आणि मठारकामाच्या खळग्या, कोरलेली नावं उठून दिसतात. डावखुऱ्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

९ जुलै

पाऊस. खोलीत अंधार. अंधारात वेबकॅम प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो, सेकंदाला ३० वरून १५ चित्रांवर येतो आणि हात पुसट होतो. ट्यूब लावली तर पडद्यावर आडवे पट्टे. कॅमेरा ६० हर्ट्झच्या विजेवर लावलेला होता, आपली ५०. बदललं. समोरून एक पिवळा दिवा लावला.

१३ जुलै

पहिला गर्दीचा रविवार. सगळं फिरलं, नको तेही.

माणसं बोलताना हात हलवतात. गाल खाजवतात, पदर सावरतात, मुलाला ओढतात, आणि पडद्यावरचा हंडा गरगरतो. या अडचणीला या क्षेत्रात मिडास राजाचं नाव आहे, हात लागेल ते सोनं. मला भस्मासुर जवळचा वाटतो. त्याचाही हात कुठे पडेल त्याचा भरवसा नव्हता, आणि शेवटी तो नाचताना हाताच्या खुणेनंच फसला.

केलेले बदल: पकड भांड्याच्या आकारावर किंवा अगदी लगत सुरू झाली तरच धरायची. हात आधी क्षणभर उघडा दिसायला हवा. आणि तळवा पडद्याकडे हवा, बाजूच्या माणसाशी बोलणारा हात बाद.

हात दुखतात ही तक्रार दोघांनी केली. हात पुढे उचलून धरणं दोन मिनिटांवर जमत नाही. मामा काम करताना कोपर अंगाजवळ असतं. काकांकडून लाकडी कठडा बसवून घेतला, त्यावर कोपर टेकतं, कॅमेरा खाली आणला.

सगळ्यात मोठा गोंधळ देवीच्या पितळी मुखवट्याशी झाला. लोक त्याच्यासमोर हात जोडतात. जोडलेले दोन हात एकमेकांना झाकतात, सॉफ्टवेअरला ती एक विचित्र मूठ वाटते आणि मुखवटा उलटा होतो. एक आजोबा दचकून मागे सरले. त्यांच्या मुलानं सुचवलं की नमस्काराला "मूळ जागी परत" ही आज्ञा द्या, छान वाटेल. नाही देणार. नमस्कार हा देवाला असतो, त्याचं बटण करायचं नाही. हात जोडलेले दिसले की सॉफ्टवेअरनं काहीही करायचं नाही, एवढंच लिहिलं. मुखवट्याचं फिरणं दोन्ही बाजूंना ६० अंशांवर थांबवलं. त्याची मागची बाजू कुणी बघायला मागितली नाही.

२० जुलै

आता सोडणं. आठवडाभर यावरच आहे.

भांडं हवं तसं धरलं, कोरलेलं नाव समोर आणलं, बोटं उघडली, आणि उघडताना ते दहाएक अंश फिरून बसलं. दर वेळी. कारण उघडं आहे: सोडायची खूणच हाताची हालचाल आहे, आणि हाताच्या हालचालीनं भांडं फिरतं. मोजायला गेलं की मोजायची वस्तूच हलते, म्हणून याला हायझेनबर्ग परिणाम म्हणतात.

आधी वाटलं, थरथर आहे. त्यासाठी २०१२ सालचा वन-युरो फिल्टर लावला (कासिएझ, रूसेल आणि व्होगेल यांचा). हात सावकाश असेल तर जास्त गुळगुळीत करायचं, वेगात असेल तर कमी, म्हणजे थरथर जाते आणि मागेही पडत नाही. चांगला आहे, ठेवलाय. पण सोडतानाची उडी तशीच. बोटं उघडणं ही खरी हालचाल आहे, ती गाळून जाणार नाही.

मग उलटा विचार केला. सोडलं हे मला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, सोडायचं माणसानं आधीच ठरवलेलं असतं. म्हणून भांड्याचे गेल्या काही चित्रांतले कल साठवून ठेवते. सुटका लक्षात आली की पाच चित्रं मागे, साधारण १६५ मिलीसेकंद आधी ते जिथे होतं, तिथे नेऊन ठेवते. डोळ्याला मागे गेलेलं जाणवतही नाही. ठेवलं तिथे राहिलं, एवढंच जाणवतं.

मनगट जोरात फिरवून सोडलं तर मात्र हे लावायचं नाही. मुलं भांडं भोवऱ्यासारखं फिरवतात, तो फेरा खाऊन टाकला तर ती रुसतात.

२३ जुलै

मामांना पुन्हा बसवलं आणि त्यांना हंडा सोडताच येईना.

मी आकडे बघत होते. पकड नीट, फिरवणं नीट, हात उघडला तरी सॉफ्टवेअर म्हणतं पकडलेलंच आहे. हात मांडीवर घेतला तर हंडा कलंडून मांडीच्या दिशेनं आला. दोन-तीन वेळा झाल्यावर ते म्हणाले, "राहू दे, माझ्या हाताला नाही जमायचं."

मग त्यांचा हात हातात घेऊन बघितला. तर्जनी आणि मधलं बोट सरळ होतच नाहीत. पेरं जाड झालीत, अंगठा आत वळलेला. पूर्ण उघडला तरी त्यांचा आकडा ०.३६च्या वर जात नाही. माझी सुटकेची खूण ०.४. भांडी करून करून हाताला आलेल्या आकारामुळे या भांड्यांच्या खोलीत त्यांचाच हात बाद ठरत होता, आणि आकडा माझ्या हातावरून घेतलेला होता.

ठराविक आकडे काढून टाकले. हात पहिल्यांदा दिसल्यापासून त्या हाताचं सगळ्यात उघडं आणि सगळ्यात मिटलेलं माप नोंदत जायचं, आणि त्या मधल्या पट्ट्यात खालच्या तिसऱ्या हिश्शाला पकड, वरच्या तिसऱ्या हिश्शाला सुटका. शिवाय बोटांची टोकं आता फक्त अंगठ्यापासून मोजत नाही, मनगटापासूनही मोजते, म्हणजे पाची बोटांची पकडही चालते.

रात्री घरी नवऱ्याच्या, भाचीच्या आणि माझ्या हातांवर बघितलं. तिघांचे पट्टे वेगळे निघाले. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

२७ जुलै

टकटक. काकांनी कपाटं उघडली, मी आणि मामांनी प्रत्येक भांडं पेरानं वाजवून फोनवर आवाज घेतला. घंगाळाचा आवाज किती वेळ घुमतो. तडा गेलेल्या कळशीचा बद्द.

हात किती लांब आहे ते मोजण्यात वेबकॅम कच्चा आहे, त्यामुळे हात पडद्याकडे किती गेला यावर विसंबता येत नाही. तर्जनी-मध्यमेच्या मधल्या पेराचा वेग बघते: भांड्याच्या आकारावर झपकन येऊन अचानक थांबला की आवाज. दहातले दोन-तीन ठोके चुकतात. कुणाची तक्रार नाही, लोक पुन्हा मारतात.

३ ऑगस्ट

बूड वेगळं स्कॅन करून जोडलं. मामा आले, कठड्यावर कोपर टेकवलं, हंडा पालथा केला आणि हात मांडीवर घेतला. हंडा होता तिथेच. दुसऱ्या हातानं बुडावर उजेड फिरवला.

"याला डाग दिलाय." म्हणजे झाळून सांधलंय. मला काही दिसत नव्हतं. जवळ घेतल्यावर दिसलं, कडेला बोटभर उंचवटा, गुळगुळीत झालेला. "घाईत दिलाय कुणीतरी. आमच्याकडचा नाही."

जोडताना सॉफ्टवेअरनं तिथली कड घासून टाकली आहे. मूळ फोटोंत डाग स्पष्ट आहे, तेवढा भाग पुन्हा करायचा.

काका दारातून म्हणाले, जाताना हंडा सरळ करून ठेवा, पालथं भांडं बरं दिसत नाही. समोर ४० सेकंद हात दिसला नाही तर भांडं आपोआप सरळ. उद्या.